बाहेरचा गर्भ

रक्त आणायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेवर थांबला आहे, हे आम्हाला कळलं तेव्हा अश्विनी ऑपरेशन टेबलावर होती. नाडी बोटांना धाग्यासारखी लागत होती. दोन्ही हातांत सलाइन चालू होतं. भूलतज्ज्ञ सारखा एकच प्रश्न विचारत होते, "ब्लड कुठाय?"

"निघालंय," सिस्टर म्हणत होत्या.

ते निघालेलं नव्हतं.

मुखेड आणि उदगीर यांच्या मधल्या एका गावात माझं छोटं स्त्रीरोग रुग्णालय आहे. आमच्याकडे ब्लड बँक नाही. रक्त लागलं की रुग्णाच्या रक्ताचा नमुना आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन नातेवाइकाने उदगीरला जायचं. तिथे नमुना पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहतात. त्याला क्रॉसमॅच म्हणतात. जुळलं की पिशव्या थर्मासच्या डब्यात घालून तोच माणूस परत येतो. पद्धत जुनी आहे आणि बहुतेक वेळा चालते. तिचा सगळा भार मोटरसायकलवर बसलेल्या एका माणसावर असतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

या वेळी तो माणूस म्हणजे अश्विनीचा दीर, माधव.

अश्विनीला दुपारी आणलं तेव्हा तिला चालता येत नव्हतं. वय चोविसाच्या आसपास. ओठ पांढरे. बरोबर माधव आणि सासू गयाबाई. नवरा बालाजी हैदराबादला बांधकामावर सुपरवायझर आहे, सुट्टी मिळेल तसा गावी येतो.

गयाबाईंनी सांगितलं ते असं. सुनेची अडचण सुरू झाली, म्हणजे पाळी. घरच्या रीतीप्रमाणे ती बाजूच्या खोलीत राहिली. चार दिवस झाले तरी थोडं थोडं जातच राहिलं. पोटात उजवीकडे दुखायचं. गावातल्या डॉक्टरने गॅसचं इंजेक्शन दिलं. सकाळी मोरीवर भांडी घासताना ती कोसळली.

मी लघवीची तपासणी करायला सांगितली. गयाबाईंना ते पटलं नाही. ज्या बाईला पाळी चालू आहे तिला दिवस कसे जातील, असं त्यांचं म्हणणं. तपासणी पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं दिसलं आणि पोटात भरपूर रक्त दिसलं.

याचा अर्थ सांगायला हवा. गर्भ बीजनळीत तयार होतो आणि तिथून सरकत गर्भाशयात येऊन रुजतो. कधी तो नळीतच अडकतो आणि तिथेच वाढायला लागतो. नळी बारीक असते. काही आठवड्यांत ती फुटते आणि रक्त पोटात साठत जातं. बाहेरून थोडंसंच दिसतं, म्हणून बायका त्याला पाळी समजतात. अश्विनीचं तेच झालं होतं. गर्भ गर्भाशयाच्या बाहेर राहिलेला, म्हणून आमच्याकडे सगळा स्टाफ त्याला एकाच नावाने ओळखायचा. बाहेरचा गर्भ. मीही तेच म्हणायचे.

नांदेड किंवा लातूरला पाठवण्याचा विचार केला आणि सोडला. ती वाटेतच गेली असती. उदगीरहून भूलतज्ज्ञांना बोलावलं. नमुना काढून माधवला दिला. संमतीपत्रावर अश्विनीने स्वतः सही केली. कायद्याने ती पुरेशी असते. सही करताना तिने विचारलं, "लई कापायचं का, मॅडम?" मी म्हटलं, थोडंच. ती म्हणाली, "मंग करा."

नवऱ्याला कळवायचं काम सिस्टरने केलं. त्या अनुभवी आहेत आणि थोडक्यात बोलतात. त्यांनी बालाजीला फोनवर सांगितलं की बायको सीरियस आहे, बाहेरचा गर्भ आहे, दीड महिन्याचा, ऑपरेशन करावं लागतंय. मग फोन ठेवून त्या उपकरणं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हकडे गेल्या.

रक्त यायला हवं होतं ती वेळ टळून गेली तेव्हा मी माधवला फोन लावला. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"कुठे आहात?"

"नाक्यावर हाव मॅडम. चहाच्या टपरीपाशी."

"नमुना दिला का?"

"नाक्यावरच हाव," तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा विचारलं.

"दादानं थांब म्हणलंय," तो म्हणाला. "तिच्या बापाला बोलवा म्हणतोय. बाहेरचं हाय म्हणल्यावर आमी कशाला पळापळ करून राहिलो?"

मला पहिल्यांदा काही समजलं नाही. आमच्या भागात ‘बाहेरचं’ म्हणजे भूतबाधा. मला वाटलं, कुणीतरी देवऋषीकडे नेण्याचं काढलं. ते मी बोलूनही दाखवलं.

"भुताचं न्हाई मॅडम," माधव हळू आवाजात म्हणाला. टपरीवर माणसं असावीत. "बाहेरच्या माणसाचं."

मग समजलं. सिस्टरने सांगितलं होतं गर्भ कुठे आहे. बालाजीने ऐकलं होतं तो कुणाचा आहे. शब्द तोच होता.

मी माधवला सांगितलं की मी दादाशी बोलते, तुम्ही गाडी सुरू करा. तो "हाव" म्हणाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र आला नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दारातूनच मी बालाजीला फोन लावला. हात धुवायला जायचं होतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून दाराजवळच्या टेबलावर ठेवला. गयाबाई दाराशेजारच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना उठवायला वेळ नव्हता.

बालाजी आरडाओरड करत नव्हता. ते जास्त अवघड होतं. मी नळी, गर्भाशय, सगळं सांगितलं. बाहेर म्हणजे गर्भपिशवीच्या बाहेर, असं सोप्या भाषेत सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "ते झालं मॅडम. पण तुमच्या सिस्टर दीड महिना म्हणाल्या. मी महिन्याखाली आलतो गावाकडं. त्याच्या आधी चार महिने मी हितंच हाव. मंग?"

म्हणजे घोटाळा एका शब्दाचा नव्हता, दोन होते: ‘बाहेरचा’ आणि ‘दीड महिना’.

डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. खरा गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. आमचा दीड महिना म्हणजे घरच्यांच्या हिशोबाने एक महिना. जगभर असंच मोजतात आणि जगभर कुणालाच हे सांगितलं जात नाही. मी बालाजीला तेच सांगितलं. बोलता बोलता मला माझंच बोलणं सारवासारव केल्यासारखं ऐकू येत होतं.

"तुमी डॉक्टर लोकं," तो म्हणाला. "बाईचं झाकणारच."

आतून भूलतज्ज्ञांनी हाक मारली. प्रेशर आणखी उतरलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की रक्त हातात आल्याशिवाय भूल देणं धोक्याचं आहे. माझं म्हणणं होतं की नळीला चिमटा लागेपर्यंत रक्तस्राव थांबणार नाही, मग पिशव्या येवोत की न येवोत. दोघांचंही बरोबर होतं. सलाइनने प्रेशर थोडं धरून ठेवता येतं, पण प्राणवायू वाहून नेण्याचं काम रक्तच करतं, आणि ते तिच्या पोटात साठत होतं.

मी म्हटलं, "सुरू करू."

ते म्हणाले, "तुम्ही हात धुवा. पण कुणीतरी त्या माणसाला हलवा."

मी वळले तेव्हा गयाबाईंनी फोन उचलला होता. स्पीकर कसा बंद करायचा ते त्यांना माहीत नसावं, किंवा करायचा नसावा. त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं. सिस्टर, आयाबाई, प्रसूतीच्या खोलीतल्या दोन बायका. दार अर्धवट उघडं होतं. अश्विनी शुद्धीवर होती.

"बाला," त्या म्हणाल्या. "सण करून गेलास तवा कोण आलतं बे घरी? तूच आलता ना? का तुझं भूत आलतं?"

तिकडून तो काहीतरी आठवड्यांचं बोलला.

"मला शिकवू न्हाको हिशोब. पोरगी माझ्या नजरेखाली असती. अडचणीत असली तरी दार मीच लावते." आवाज चढला नाही. "तुझा बाप कोण, हे तुला कसं कळलं? मी सांगितलं म्हणून. मी सांगितलेलं तवा खरं मानलंस. मंग आत्ता बी मान. आन् माधवला गाडीला किक मारायला लाव."

मग लाइन कट झाली. तो मानला की चिडला, ते कळायला मार्ग नव्हता.

मी हात धुतले.

पोट उघडल्यावर अंदाजापेक्षा जास्त रक्त निघालं. अशा वेळी आधी काही दिसत नाही, हाताने चाचपून नळी शोधावी लागते. उजवी नळी मधोमध फुटली होती. चिमटा लावला. रक्तस्राव थांबला. सांगायला एक ओळ लागते, करायलाही फार वेळ लागत नाही. पण तोवर तिच्या अंगात किती उरलं आहे, हा प्रश्न राहतोच. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की सिस्टर दाराकडे बघायच्या. आमच्या रस्त्यावर मोटरसायकली फार आहेत.

नळी काढून टाके घालायला घेतले तेव्हा त्या मोटरसायकलींतली एक थांबली. माधव डबा छातीशी धरून आत आला. चपला काढायला विसरला होता. त्याला कुणी काही म्हटलं नाही. पहिली पिशवी चालू झाली. दुसरी संपत आली तेव्हा अश्विनीच्या ओठांचा रंग बदलायला लागला. भूलतज्ज्ञांनी खुर्ची ओढली आणि त्या दुपारी ते पहिल्यांदा बसले.

नंतर कळलं की आईचा फोन संपताच बालाजीने माधवला "जा" एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. वॉर्डात गेला नाही, माझ्या केबिनमध्ये आला. मी कागदावर चित्र काढलं. गर्भाशय, दोन नळ्या, फुटलेली जागा. खाली एक रेघ मारून पाळीचा दिवस, तो गावी आला तो दिवस आणि ऑपरेशनचा दिवस मांडला. त्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि बोट ठेवून पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "हाव. बसतंय."

त्यानंतर तो वॉर्डात गेला. अश्विनीने तोंड भिंतीकडे केलं. तो स्टूल घेऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. ती त्याच्याशी बोलल्याचं मी पाहिलं नाही.

गोष्ट इथे संपली असं मी धरलं होतं. पण माधव टपरीवर बोलला होता, आणि टपरीवर त्यांच्या गावचा एक जीपवाला होता.

टाके काढायच्या दिवशी गयाबाई सुनेला घेऊन आल्या. टाके चांगले भरले होते. दुसरी नळी शाबूत आहे, पुढे दिवस राहू शकतात, पण राहिले की लगेच सोनोग्राफीला या, असं मी सांगत होते. गयाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "त्या दोघी बसल्यात ना बाकावर, हिरवं लुगडं आन् तिच्या शेजारची, आमच्या गल्लीतल्या हायत. त्यांना जरा सांगा, हिचा गर्भ कुठं व्हता ते."

मी म्हटलं की ते मला करता येणार नाही. रुग्णाची माहिती तिसऱ्या माणसाला द्यायची नाही, हा आमचा नियम आहे. तो रुग्णाच्या भल्यासाठीच आहे. हे मी गयाबाईंना सांगत होते, पण उत्तर अश्विनीने दिलं.

"गावात माझ्याबद्दल फिरून राहिलंय ते मला इचारून फिरतंय का?"

मी पडद्याच्या फटीतून बाकाकडे पाहिलं.

"सांगा मॅडम," ती म्हणाली. "मी सांगते म्हणून सांगा. मोठ्यानं सांगा."

रुग्णाने स्वतः परवानगी दिली की नियम आड येत नाही. केबिनमधलं गर्भाशयाचं प्लास्टिकचं मॉडेल घेऊन मी बाहेर गेले. ओपीडीत त्या वेळी बऱ्याच बायका होत्या. मी नळी दाखवली. गर्भ कुठे अडकतो, पाळीसारखं का दिसतं, आठवडे कसे मोजतात, सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण अश्विनी माझ्या शेजारी उभी होती, त्यामुळे नावाची गरजही नव्हती. हिरव्या लुगड्याच्या बाईने मॉडेल हातात घेऊन पाहिलं. एवढुशी असती का नळी, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने ते शेजारणीला दिलं. कुणी हसलं नाही.

अश्विनीने पदर सारखा केला आणि ती पायऱ्यांकडे निघाली. गयाबाई मागे राहिल्या. त्या दोघींना म्हणाल्या, "पहिलं जितक्या घरी सांगितलं, तितक्याच घरी हे बी सांगा. एक बी घर चुकवू न्हाका."

आता आम्ही ‘नळीतला गर्भ’ म्हणतो. आजाराचं निदान फोनवर सांगायचं असेल तर मीच सांगते, आणि काय समजलं ते समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावते. त्यात दोन मिनिटं जास्त जातात. उदगीरहून रक्त यायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.