मी एकच बोट पाहिले

निवृत्तीनंतर खून, दरोडे, सगळ्यांच्या हकिकती सांगितल्या. ही मात्र टाळत आलो. त्या मतदानाचा विषय निघाला की चहा मागवायचो. आता वय झाले. खरे काय ते लिहून ठेवतो.

लोकसभेची निवडणूक होती. माझा बंदोबस्त मुकुटबनच्या बाजूला. ते दिवस अजून हवेसे वाटतात. आदल्या दुपारी एसटीतून यंत्रांच्या पेट्या सांभाळत उतरणारे मास्तर, शाळेच्या व्हरांड्यात अंथरलेल्या सतरंज्या, सकाळी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होणारे चाचणी मतदान, मग यंत्राला लागणारे सील. आमचे काम एवढेच, रांग आणि शांतता. मत कोणी द्यायचे हे केंद्राध्यक्ष ठरवतात. त्यांनी बोलावल्याशिवाय पोलिसाने खोलीत पाऊल टाकायचे नाही.

दुपारी एका कार्यकर्त्याने खबर दिली. "साहेब, ते हिरव्या लुगड्यातली बाई पलीकडच्या गावात मत टाकून आली. बोट पाहा तिचं."

मी रांगेत जाऊन डावी तर्जनी पाहिली. नखावर काळा डाग.

"बिब्ब्याचा हाय साहेब. बिब्बे फोडतो आमी."

"आता शाईचा बिब्बा झाला का?" मी म्हणालो. हवालदार हसले.

"माह्यं नाव पयल्यांदा आलं यादीत. मले टाकू द्या, मंग कुठं न्यायचं तिथं न्या."

मी तिला रांगेतून काढून जीपमध्ये बसवले.

चौकीत महिला शिपायाने डाग रॉकेलने घासला. निघाला नाही, तशी माझी खात्री वाढली. समजावून विचारले, दरडावून विचारले. उत्तर बदलले नाही. मधूनच ती विचारायची, "मतदान चालू हाय ना अजून?" पलीकडच्या केंद्रावर माणूस पाठवला. तिथल्या यादीत तिचे नाव नव्हते. मी म्हणालो, दुसरीच्या नावावर टाकले असेल.

संध्याकाळी तिच्या गावच्या बाया चौकीत शिरल्या. एकीने दोन्ही पंजे माझ्या टेबलावर ठेवले. बोटे काळी, कातडी सोललेली.

"आमाले बी बसवा, साहेब. आमी बी चोरच. तिथल्या मास्तरनं इचारलं, पाह्यलं, शाई लावली, आमी मत टाकलं. तुमाले काहून नाही इचारता आलं?"

तेव्हा मी त्या बाईला पदराखालचे हात पुढे करायला सांगितले. तिचीही सगळी बोटे तशीच काळी, सोललेली. गोडंबी काढायला बिब्बा बोटांत धरून दगडाने फोडतात; तेल उडते तिथे कातडी जळते, काळी पडते. पोलीस लाइनीतला आमचा धोबी माझ्या वर्दीच्या कॉलरमागे बिब्ब्यानेच खूण करायचा, कारण ती धुऊन जात नाही. मला सगळे ठाऊक होते. पण खबर एका बोटाची होती, आणि मी एकच बोट पाहिले.

तिला घेऊन केंद्रावर जीप पळवली. वेळ संपली होती. फाटकाच्या आत रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या. त्यांचीच मते घेत होते. ती रांगेत नव्हती, कारण मीच तिला काढले होते. स्टेशन डायरीत लिहिले, "चौकशी करून सोडले."

देशात कोट्यवधी मते पडतात, एकाने काय होते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पण एवढा पसारा, एवढे नियम एकेका माणसासाठीच मांडलेले असतात. केंद्राध्यक्षांनी जे दोन प्रश्नांत ठरवले असते, ते मी वर्दीच्या जोरावर ठरवले.

पुढच्या लोकसभेला बंदोबस्त पुन्हा तिथेच आला. ती मत देऊन बाहेर पडली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली. बोट वर केले.

"आता नीट पाहा, साहेब. हा बिब्बा, अन् हे शाई."

मागच्या बाया खळखळून हसल्या. मला "माफ करा, बाई" एवढेच म्हणायचे होते. तोंडून निघाले, "चला, पुढे व्हा. गर्दी करू नका."