उन्हात वाचता येईल असा

आजारातून उठल्यावर बाबा घरात थांबेनासे झाले. मेंदूत गुठळी झाली होती. हातपाय वाचले, पण डोक्यावर छप्पर आलं की ते घाबरायचे, दार लोटलं तर ओरडायचे. आंबिवलीच्या आमच्या बैठ्या घरापुढे छोटंसं अंगण आहे, तिथे खुर्चीवर दिवसभर बसायचे. मी आत गेले की उठून चालू लागायचे. घरात आम्ही दोघंच. म्हणून मीही लॅपटॉप मांडीवर घेऊन अंगणात बसू लागले.

माझं काम ठाण्यातल्या एका ऑफिसचं. दवाखान्यांच्या बिलांचे फोटो यायचे, त्यांवरचे आकडे वाचून रकान्यांत भरायचे. घरून करायची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळालेली. पण माझ्या लॅपटॉपचा पडदा चकचकीत. अंगणात त्यात माझंच तोंड दिसायचं, मागे आभाळ, आणि आकडे त्याच्या खाली कुठेतरी. छत्री लावून पाहिली, पुठ्ठ्याच्या खोक्यात मशीन ठेवून पाहिलं. तरी तीनाचे आठ होत राहिले. सुपरवायझर बाईंनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा आवाज न चढवता सांगितलं की महिनाअखेरपर्यंत चुका थांबल्या नाहीत तर ऑफिसला येऊन बसावं लागेल, नाहीतर काम सोडावं लागेल. ऑफिसला जायचं म्हणजे बाबांना कोंडून जायचं.

शेवटी मी डोक्यावरून चादर ओढून काम करू लागले. आत जीव घुसमटायचा, पण आकडे दिसायचे. दर दोन मिनिटांनी चादर उचलून बाबांकडे बघायचं, असं ठरवलेलं. एका दुपारी बिल लांबलचक निघालं. चादर उचलली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

मी अनवाणीच धावले. शेजारच्या काकू शाळेच्या बाजूला गेल्या, मी स्टेशनच्या. वाटेत नाल्यावर वाकून पाहिलं आणि आपण काय शोधतोय हे कळल्यावर तिथून पळतच सुटले. बाबा प्लॅटफॉर्मच्या अगदी कडेला उभे होते. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी उमर लेथ मशीनवर काढली होती. त्यांना पाळी गाठायची होती. मी दंड धरला तर म्हणाले, "उशीर झालाय. सोड मला."

त्यांच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. चादरीखाली मी बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन कल्याणला गेले. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणून ते बसले. पहिल्या दुकानाची पायरीच चढेनात. मी दारातूनच विचारलं, उन्हात वाचता येईल असा स्वस्तातला लॅपटॉप आहे का. दुकानदार म्हणाला, सगळेच दिसतात. बाहेर आणून दाखवायला मात्र तयार नव्हता. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानात मी दोन पावलं आत टाकली आणि मागे बाबा ओरडू लागले. माणसं जमली. मी परत फिरले, त्यांचा हात धरला आणि पायरीवर बसले. उठायची ताकदच उरली नव्हती.

"मला आत येता येणार नाही," मी दुकानदाराला म्हणाले. "तुम्हीच बाहेर या."

तो माझ्याच वयाचा असेल. काय वाटलं कोण जाणे, एक मशीन घेऊन फुटपाथवर आला. ऐन दुपारच्या उन्हात पडदा पाटीसारखा काळा झाला. दुसरं आणलं, तिसरं आणलं, तीच गत. त्यालाच नवल वाटलं, कधी उन्हात धरून पाहिलेलंच नव्हतं. मग त्याने समजावलं की निट्स म्हणून उजेडाचं माप असतं, स्वस्त मशिनांच्या खोक्यावर ते कुणी लिहीतही नाही. ज्याचं माप पुरेसं होतं, ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी भर रस्त्यात रडू लागले. बाबा माझ्याकडे बघत होते, ओळख नसल्यासारखे.

दुकानदार आत गेला आणि कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेला, कोपरे घासलेला जाड लॅपटॉप घेऊन आला. त्याचा पडदा खरबरीत, न चमकणारा, मॅट. मी ऑफिसचं एक बिल उघडलं. आकडे फिकट होते, पण होते. तरी तीन की आठ, कळेना.

तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून मशीन घेतलं. उन्हाकडे आडवं फिरवलं, पडदा जरासा मागे कलवला. कारखान्यात मापाच्या बारीक रेघा ते तसेच वाचत असणार.

"उजेड बाजूने घे," ते म्हणाले. "समोरून आला की आकडा फसवतो."

आठ होता.

आजारानंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच इतकं सरळ बोलले होते. मला वाटलं, बाबा परत आले. रिक्षात मी मुद्दाम कारखान्याचा विषय काढला. त्यांनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

तोच लॅपटॉप घेतला. बॅटरी लवकर उतरते, म्हणून खिडकीतून वायर बाहेर काढलीय. भर दुपारी अजूनही डोळे ताणावे लागतात. चुका कमी झाल्या. महिनाअखेर उलटली आणि काम राहिलं. बाबा अजून उठतात, फक्त आता मला ते उठताना दिसतात. कधी अडवते. कधी जीव इतका थकलेला असतो की अडवत नाही, लॅपटॉप मिटते आणि नाक्यापर्यंत त्यांच्या मागून चालत जाते.