चार नंबरच्या मशीनवरचा माझा अर्धा प्रोग्रॅम

परवा निघालो होतो नया नगरला, मोबाईलची बॉडी बदलायला... आणि पोचलो पूनम सागरला. का ते विचारू नका, माझं असंच होतं.

आमच्या जुन्या कॉम्प्युटर क्लासखाली टेम्पो उभा होता. चादरीत गुंडाळून मॉनिटर भरत होते. वर गेलो तर सावंत मॅडम एकट्याच... क्लास बंद करतायत.

सात वर्षांपूर्वी इथेच मॅडमकडे सी लँग्वेज शिकायला यायचो. तिघांत एक मशीन. आधी वहीत प्रोग्रॅम लिहायचा, कागदावर एकेक ओळ चालवून दाखवायची, मगच कीबोर्ड. मला कुठला एवढा धीर... कोर्स अर्धा टाकून पळालो.

माझा शेवटचा प्रोग्रॅम बस स्टॉपचा. दोन स्टॉप टाका, मधे किती ते सांगणार. स्टेशन ते काशीगाव बरोबर सांगायचा. काशीगाव ते स्टेशन विचारलं की मशीन हँग.

"आहे अजून तो, चार नंबरवर," मॅडम म्हणाल्या. "दर बॅचला देते, चूक शोधायला."

मला कसंतरीच झालं. "मग कोणाला सापडली नाही?"

"सगळ्यांना सापडली. पण कागदावरच. मशीनवर मीच सुधारू दिलं नाही. पुढच्या बॅचला काय देणार होते, कपाळ?" मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आता बॅच नाही. बैस, सुधार."

टेबलावर तेवढं चार नंबरचं एकच मशीन उरलं होतं. खालून टेम्पोवाल्याची हाक... "मॅडम, वो लास्टवाला भी दे दो, देर हो रहा है." मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "रुको थोडा."

माझा हात थेट कीबोर्डवर. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "आधी इथे."

पाय नुसते हलत होते. दोनदा उठलो, पाणी पिऊन आलो. तिसऱ्यांदा ओळी उतरवताना दिसलं... माझी मोजणी नुसती पुढेच जात होती. उलटं मोजायला तिला मी सांगितलंच नव्हतं.

दोन ओळी घातल्या. काशीगाव ते स्टेशन... अकरा. हँग नाही, काही नाही.

सेव्ह करणार तेवढ्यात मॅडमनी मागची वायरच काढली. "कळलं ना तुला? झालं तर."

हातात घेतलेलं मी पुरं केलं, असं बहुधा पहिल्यांदाच झालं. थँक्यू मॅडम, टेम्पो थांबवलात.

तो प्रोग्रॅम नीट चालताना आम्ही दोघांनीच पाहिलाय... म्हणून इथे लिहून ठेवतोय.