ज्याची गाडी, त्याचा चहा नको

जुनी गाडी बघायला गेलं की परशूअण्णा आधी बॉनेटवर तळहात ठेवत. इंजीन कोमट लागलं तर चपला पायात सरकवत आणि माघारी फिरत. मालक मागून ओरडायचा, "अहो मिस्त्री, उघडून तर बघा!" अण्णा वळून म्हणत, "सकाळी उठताना खोकती का, ते बघायचं असतंय. तुम्ही तिला आधीच उठवून, तोंड धुऊन बसवलंय. उद्या येतो."

हुबळीच्या कमरीपेठेत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या ओळखीतलं कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की अण्णांना सोबत नेई. ते ठरलेली मजुरी घेत, तीही घेणाऱ्याकडूनच. तपासलेली गाडी स्वतःच्या गॅरेजात दुरुस्तीला कधी घेत नसत. "दोष बी मीच काढायचा आणि काम बी मीच मिळवायचं, मग माझा शब्द कोण मानंल?" विकणाऱ्याच्या घरचं ते पाणीसुद्धा पीत नसत. "ज्याची गाडी, त्याचा चहा नको." मालकाला मात्र चहाला पिटाळत. "तो बोलत ऱ्हायला की गाडी गप बसती," असं त्यांचं म्हणणं.

माझे वडील धारवाडच्या कोर्टात वकील. पहिल्या स्कूटरपासून ते अण्णांच्या शब्दाबाहेर नव्हते. "परशू बोलला म्हणजे पुरावा झाला," असं अशिलांना सांगायचे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

माझं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. होणाऱ्या सासूबाईंचे भाऊ हुबळीत कंत्राटदार होते. त्यांना सगळे मामासाहेब म्हणत. आपली अँबॅसडर विकायला काढायची आहे, घरातल्या घरातच राहू दे, असं त्यांनी बाबांना सुचवलं. आता सोयऱ्याची गाडी कुणी तपासतं का? आमच्याकडे ती नारळ फोडून घरी आणायची. तपासली म्हणजे माणसालाच खोटं ठरवल्यासारखं. पण बाबा सवयीने अण्णांना घेऊन गेले. मामींनी साड्या बघायला बोलावलं होतं म्हणून मीही, हुबळीतच लॅमिंग्टन रोडवर मी शिकवत होते त्या शाळेतून, थेट तिकडे पोचले.

मामी चहाचा ट्रे घेऊन अंगणात आल्या. अण्णांनी हात जोडले. "ब्याड री अक्का, नको." सोयऱ्यांच्या अंगणात चहा नाकारला! मामासाहेबांचा चेहरा तिथेच बदलला. अण्णांचं लक्ष नव्हतं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक ते फडक्यात बांधून खिशात ठेवत. ते काढून त्यांनी गाडीच्या अंगावरून फिरवत नेलं. दोन दारांमधल्या खांबापाशी चुंबक धरेना. रंगाखाली नुसती पुट्टी होती. मग पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "वकीलसाहेब, ही दोन गाड्या जोडून एक केलीय. पुढचं धूड एकीचं, मागचं दुसरीचं, मधे वेल्डिंग. हिच्यात पोरीबाळींना बसवू नका."

"एका हातची गाडी आहे ही!" मामासाहेब कडाडले.

"हात एकच असंल, साहेब. गाड्या दोन हायत."

बाबांनी गाडी घेतली नाही. पण नकार कसा दिला? "मला पसंत आहे हो, मिस्त्रीच अडून बसलाय." सगळं अण्णांच्या अंगावर ढकलून मोकळे झाले. मग साखरपुड्याच्या पंगतीत मामासाहेबांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "तो परशू दलालांचा माणूस. दुसरी गाडी गळ्यात मारायला आमचा सौदा मोडला त्यानं." अर्धी हुबळी त्या पंगतीत जेवत होती. कोर्टात साक्षीदाराला उभा सोलणारे माझे बाबा खाली मान घालून भात कालवत बसले. आणि मी? माझ्या अंगावर सासरची नवी साडी होती. मीही बोलले नाही. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचा संताप येतो. बाबांचा जास्त की स्वतःचा, ते मात्र सांगता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या दलालांना तेच हवं होतं. त्यांचं पितळ उघडं पाडणारा एकच माणूस होता, तो आयताच बदनाम झाला. अण्णांना बोलावणी येईनाशी झाली. ज्यांच्या गाड्या त्यांनी पारखून दिल्या होत्या, तीच माणसं 'आग असल्याशिवाय धूर निघतो का' म्हणू लागली. गॅरेजात पंक्चरची कामं तेवढी उरली.

ती गाडी अळनावरकडच्या एका शेतकऱ्याने घेतली. अण्णांना कळलं तसे ते बसने त्याच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी मजुरी देणार नव्हतं. त्या माणसाने दारातच विचारलं, "दलालाकडनं किती मिळाले?" अण्णा गाडीतला जोड दाखवतो म्हणाले, तर त्याने अंगणातही येऊ दिलं नाही. पुढे एका खड्ड्यात ती गाडी त्याच जोडावर उघडली. त्या शेतकऱ्याचा पाय कायमचा अधू झाला. मामासाहेब म्हणाले, "आपले रस्तेच तसले."

माझ्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. मी माहेरी जाऊन बाबांना म्हटलं, "आता तरी चार माणसांत खरं सांगा." ते म्हणाले, "तुझं सासर आहे ते. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे." मग मी एकटीच कमरीपेठेत गेले. अण्णा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी माफी मागायला लागले, तर हात पुसत म्हणाले, "तुमचं लग्न नीट झालं नव्हं? मग सोडा की, अक्का." त्यांनी मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी घरी येऊन मुकाट्याने त्याच मामासाहेबांच्या पानात वाढत राहिले.

दहा-बारा वर्षांनी अण्णा गेले. बाबाही तेव्हा थकले होते. अण्णांच्या घरी भेटायला गेलो तर बाबा काठी टेकत आत शिरले आणि खोलीत बसलेल्या माणसांना सांगू लागले, "परशूसारखा सचोटीचा माणूस साऱ्या हुबळीत नव्हता. कधी कुणाचा मिंधा झाला नाही तो." लोक माना डोलावत होते. अण्णांच्या पत्नी, गंगाक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि बाबांकडे बघत अगदी सावकाश म्हणाल्या,

"हे त्या पंगतीत बोलायचं हुतं, साहेब. ते ऐकायला हुते तवा."