टाक्यातली लेकुरवाळी

डोमाजीमामा मासा पाण्याबाहेर काढला की आधी त्याचं तोंड उघडून आत बघायचे. डाव्या हातात मासा, उजव्या अंगठ्यानं खालचा जबडा दाबलेला, मान तिरपी आणि एक डोळा बारीक. दातांच्या डॉक्टरसारखे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आवरेना.

"काय मामाजी, दाढ किडली का त्याची?"

"दाढ नाही जी बाई. लेकरं हायेत."

आणि मासा पुन्हा टाक्यात. इतक्या हलक्या हातानं की पाणी वाजायचंही नाही.

साकोलीला हायवेच्या बाजूनं आत आलं की आमचं घर लागतं. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत डोमाजीमामा आणि कौसामामी राहायला आले. जातीचे ढिवर, जन्म गावच्या तलावात गेलेला. मामा जाळं टाकायचे आणि मामी टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव मासे विकायची. मामीला छातीचा आजार झाला, सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, म्हणून गाव सोडून इकडे आले. मामांचं कंबरडंही तोवर गेलेलंच होतं. पाण्यात उतरणं बंद झालेला ढिवर कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. दिवसभर हातांचं काय करायचं हेच त्यांना कळत नसे.

दवाखान्यात सांगितलं होतं की गोळ्या आपलं काम करतील, पण अंगात काही पाहिजे ना! अंडी द्या, मासे द्या, जे खाईल ते द्या. मामी काय खाणार? अंड्याच्या वासानं तिला उमासे यायचे. डाळ तोंडात फिरत राहायची. मासा तेवढा खायची, पण बाजारातला बर्फाचा मासा आणला की ताट नाकाजवळ न्यायची आणि सरकवून द्यायची.

"हा कधीचाच मेला."

"मामी, ताटातला मासा मेलेलाच असतो," मी म्हणायची.

"मरू द्या न. पण आज मेलेला पाहिजे."

जन्मभर फडफडता मासा विकलेली बाई ती, तिला फसवणार कोण? बाजारात कधी कधी जिवंत मरळ येते, पण मरळीला ती घरात घेत नव्हती. का, ते मला बरंच उशिरा कळलं.

आमच्या परसात घर बांधताना केलेलं सिमेंटचं टाकं होतं. त्यात नुसता पालापाचोळा आणि डास. मामांनी ते घासून धुतलं, पाणी भरलं, आणि त्यांच्या पुतण्यानं आंबागडहून येताना पिशवीत हवा भरून तिलापियाचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, आणलं. आपल्या तलावातल्या माशांपुढे मामांना या माशाचं कौतुक नव्हतं. "परका मासा हाये. पण घरच्या पाण्यात हाच जगते, काय करता!" असं म्हणत ते सकाळ-संध्याकाळ राइस मिलमधला कोंडा भिजवून गोळे टाकायचे. ढिवराचा पोर मासा पाळून राहिला, असं स्वतःच म्हणायचे आणि लाजल्यासारखं हसायचे.

उन्हाळ्यात पहिले मासे हातभर नाही तरी पंजाएवढे झाले. मामांनी तोंडं तपासून रिकाम्या तोंडाचे तेवढे काढले. चुलीवर कालवण झालं. मामीनं मुंडकं हातात धरून चोखलं, भात मागितला, पुन्हा मागितला. मामा समोर उकिडवे बसून बघत होते. स्वतः एक घास घेतला असेल तर शपथ. पुढे काही आठवडे हेच चाललं, आणि एक दिवस मामी आपला ब्लाउज घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, हा थोडासा उसवून द्या जी. काखेत आवळून राहिला."

शिंपिणीला माणसाचं अंग टाक्यांवरून कळतं. ती राहायला आली तेव्हा मी तिचे सगळे ब्लाउज आत घेतले होते. ते उसवताना मला जो आनंद झाला तो कुठल्या नवरीचा शालू शिवतानाही झाला नाही. मामा दारातून बघत होते. किती उसवू विचारलं तर म्हणाले, "उसवा, उसवा! अजून जागा ठेवा."

मग पाऊस आला आणि टाकं भरत गेलं. पाण्यानं नाही, माशांनी.

तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं झाली तरी ती तोंडातच राहतात. जरा चरायला बाहेर येतात आणि सावली हलली की सगळी पळत आईच्या तोंडात. आणि हे दर महिन्या-दीड महिन्याला. मामांच्या बापानं त्यांना एक नेम घालून दिला होता. लेकुरवाळीवर हात टाकायचा नाही. तलावात त्या नेमाचं काही अडत नसे. तिथले मासे पावसाळ्यात एकदा वीण घालतात, तेवढे दिवस सोडले की बाकी वर्ष मोकळं. टाक्यात कायमच कोणी ना कोणी लेकुरवाळी. मामा एकेकीचं तोंड उघडायचे आणि सोडून द्यायचे. नर संपत आले. पिल्लं वाढायच्या आधीच पिल्लं घालू लागली. कोंडा टाकला की पाणी उकळल्यासारखं दिसे, पण हाताला लागायचं ते सगळं बोटाएवढं.

पुतण्यानं बीजवाल्याला विचारून निरोप दिला, की काका, माद्या काढून टाका, नाही तर एकही मासा अंग धरणार नाही. मीही रोज तेच सांगत होते.

"मामाजी, मासाच तो. काढा न!"

"काढतो न."

"कधी काढता?"

"मोकळी झाली का काढतो."

मोकळी व्हायची नाहीच ती. मला इतका राग यायचा की मशीनचं पायडल आपटत बसायची. इकडे मामीच्या ताटात बोटभर मासे येऊ लागले, त्यांत मांस कमी आणि काटेच जास्त. खोकल्यात काटा अडकला की जीव जायची वेळ. शेवटी मामा ते मासे शिजवून, गाळून नुसता रस्सा द्यायचे. त्या रश्श्यानं काय होणार? पोळ्याच्या सुमारास मी उसवलेले ब्लाउज पुन्हा आत घेतले. दिवाळीच्या आधी आणखी एकदा.

त्या वेळी खांद्याचं माप घेता घेता मामीनं मला सांगितलं. त्यांना एक मुलगा होता. शाळेत जायच्या वयाचा. एका वर्षी तलाव आटला होता, जाळ्यात काही येत नव्हतं आणि पोरगं मासोळीसाठी रडत होतं. मरळीची पिल्लं लालसर झुंडीनं वर येतात आणि खाली आई राखण करते. ती पिल्लं सोडून पळत नाही, म्हणून तिला पकडायला अक्कल लागत नाही. मामांनी ती पकडली. पोरानं पोटभर खाल्ली. त्याच पावसाळ्यात ताप आला आणि पोरगं गेलं.

"तापानं गेला जी पोरगा. मासोळीनं कोणी मरते का? पण त्याइच्या मनात बसलं ते बसलं. मले कधी बोलले नाही, मी कधी विचारलं नाही."

टाक्यात पहिल्या बिजातली एक मोठी मादी उरली होती, काळपट पाठीची. मामीनं त्याच आठवड्यात नवऱ्याकडे तोंड उघडून मागितलं. मी परसात कपडे वाळत घालत होते.

"आयका जी. त्या मोठीचं मुंडकं खावं वाट्टे."

मामा लगेच उठले. जाळी घेतली, मादी काढली. अंगठा जबड्यावर गेला, आत पिल्लं दिसली. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मासा हातात धडपडत होता. मग त्यांनी तिला पाण्यात सोडलं आणि टाक्याच्या कठड्याला धरून खाली बसले. मामी म्हणाली, "राहू द्या. तशीबी भूक नाही मले." तिनं पुन्हा कधी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा औषधं आणायला गेले तशी मी पदर खोचला आणि जाळी उचलली. मी कोणाचा नेम पाळत नव्हते. मामी भिंत धरत धरत दारात आली.

"बाई, नका काढू जी."

"काहून नको? तुम्ही जगायला पाहिजे की ती मासोळी?"

मामीला बोलताना धाप लागत होती, तरी तिनं सांगितलं. "मी आता काही वाचत नाही, हे मले समजते. ते मासोळी खाऊन मी गेली, तं तुमचे मामाजी काय म्हणतीन? दुसऱ्यांदा झालं म्हणतीन. पोराच्या वेळेस मी होती त्याइच्यासंगं. आता कोण हाये?"

मी जाळी ठेवून दिली. तिनं माझ्याकडून वचन घेतलं, की हे मामांना सांगायचं नाही. मी मान हलवली.

थंडी पडली आणि मामी गेली. दुपारची, उन्हात बाजेवर पडल्या पडल्या. मामा टाक्यात कोंडा टाकत होते. तिला नेताना मी तिच्या अंगात पहिल्यांदा उसवला होता तोच ब्लाउज घातला, आणि दोनदा आत घेऊनही तो ढगळच राहिला. मी पोरासोरांसारखी रडले.

आमच्याकडे बुद्धवंदना असते, पान वाढायची रीत नाही. त्यांच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढतात आणि त्यांच्यात मासोळी चालते. त्या सकाळी मामा टाक्यापाशी गेले. मोठी मादी काढली. सवयीनं तोंड उघडलं. आत पिल्लं होतीच. मामांनी तिला उलटी धरून हलवलं, पिल्लं पाण्यात पडली आणि मादी त्यांनी पुतण्याच्या हातात दिली. "मुंडकं मोडू नको," एवढंच म्हणाले.

पान ठेवलं, सगळे बाजूला झाले, सगळं रीतीनं पार पडलं. पुतण्या त्यांना आंबागडला आपल्या घरी न्यायला रिक्षा घेऊन आला, तेव्हा मामा टाक्याच्या कठड्यावर बसले होते, कोपरापर्यंत हात पाण्यात. मी जवळ गेले. त्यांनी मूठ अर्धवट मिटली होती. तिच्या पोकळीत पिल्लं शिरत होती. आई नाही म्हणून जिथं अंधार दिसेल तिथं शिरत होती.

"बाई," मामा पाण्याकडे बघतच म्हणाले, "तवा मारली म्हणून पोरगा गेला. आता नाही मारली म्हणून कौसा गेली. मी कसं कराले पाहिजे होतं, सांगा न."

मामीचं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिनं त्यांच्यापायी घास सोडला हेही त्यांना कळलं असतं, आणि तो भार त्यांच्यानं उचलवला नसता.  रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"चला काकाजी," पुतण्या म्हणाला.

"थांब गा," मामा म्हणाले. "हे बाहेर निघू दे."

पिल्लं निघेनात.  शेवटी पुतण्यानंच त्यांचं मनगट धरलं आणि हात पाण्याबाहेर काढला.