अप्पांसाठी पिकअप मऊ करतोय

मंडळी, जरा सल्ला हवाय. उद्या सकाळी अप्पांना, म्हणजे वडिलांना, सोलापूरच्या दवाखान्यातून मोहोळजवळ गावी आणायचंय. मणक्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, "बसवून न्या, पण धक्का बसू देऊ नका."

आणि आमची पिकअप जुनी घेतलेली, आधी कांदा वाहणारी. रिकामी असली की नुसती उडते.

आज फिटरकडून मागच्या स्प्रिंगचा जादा पाटा काढून घेतला. मग भावाला चालवायला सांगून मी शेजारच्या सीटवर बसलो. पहिल्याच गतिरोधकाला माझीच कंबर हादरली. फिटर म्हणाला, "मागं वजन टाका, मग गाडी दबंल."

वाळूची पोती आणायला निघालो तर चुलते म्हणतात, "वाळू कशाला? आमी बसतो की मागं!" म्हणजे घरात आणखी एक पेशंट! पोतीच टाकली. फरक पडला, तरी जीव थाऱ्यावर नाही.

अप्पांना फोन केला, "दुसरी गाडी सांगू का?"

"कशाला? आपली हाय की. अन् तूच चालवणार न्हवं? मग मला कशाचं भ्या?"

त्यांचं सगळं भ्या आता माझ्या पोटात येऊन बसलंय. सांगा, टायरची हवापण थोडी सोडू का?