मुदत संपलेले रोल आणि विलासभाऊ

चांगल्या फोटोचा किस्सा होत नाही. बिघडलेल्या प्रत्येकाचा होतो, आणि आमच्याकडे बिघडलेलेच जास्त!

आम्ही म्हणजे मी, चंद्रपुरातला शाळामास्तर, आणि गोंडपिपरीचे विलासभाऊ. भाऊंनी स्टुडिओ बंद केला तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटचे खोकंभर रोल निघाले. मुदत संपून पंधरा वर्षं झालेली. मी म्हटलं, “फेका.” भाऊ भडकले.

“माणूस एक्स्पायर होते मास्तर, रोल नाई होत!”

*

रोल गेले भाऊंच्या घरच्या फ्रिजमध्ये. वहिनी म्हणाल्या, “माह्यं दही एका दिवसात बाहेर, अन् यांचे रोल पंधरा वर्षं शिळे तरी आत!”

*

मे महिन्यात मुलचेऱ्याच्या बाजारात एका बंगाली मासेवालीचा फोटो काढला. प्रिंट सगळी पांढुरकी, धुक्यात बुडाल्यासारखी. ती म्हणाली, “दादा, मई में इतना कोहरा?”

भाऊ गंभीरपणे म्हणाले, “होता ना दीदी. तुम्हीच ध्यान नाई देलं!”

*

ताडोब्याच्या रस्त्यावर वाघ आडवा आला. तीन फोटो काढले. प्रिंटवर नुसते ठिपके, रवा सांडल्यासारखे! भाऊंनी बोट ठेवलं, “हा वाघ.”

“भाऊ, काल तुम्ही त्या कोपऱ्यात दाखवला होता.”

“वाघ आहे मास्तर. एका जागी थोडी बसून राहीन!”

*

जुन्या रोलमध्ये फिल्मच्या मागे गुंडाळलेल्या कागदावरचे आकडे कधीकधी फोटोत उमटतात. भाऊंच्या पुतण्याचा लग्नासाठी फोटो काढला, तर ऐन कपाळावर सात! मुलीकडून फोन आला, “आधी सहा जणींनी नाई म्हटलं काय?”

*

जवळच्या खेड्यातल्या अनसूयाबाई आणि त्यांचे यजमान, दोघांचा एकत्र फोटोच नव्हता. बाईंनी पेटीतलं लुगडं काढलं, यजमानांनी दाढी केली. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. भाऊंनी हात जोडले आणि बटण दाबलं.

प्रिंट आली. अनसूयाबाई लख्ख! शेजारच्या खुर्चीवर यजमानांच्या जागी पांढरा पट्टा. खाली फक्त चपला.

“मास्तर, तुम्हीच द्या,” भाऊ पुटपुटले. मी कसाबसा फोटो पुढे केला.

बाईंनी तो उजेडात धरला. भाऊ अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत उभे.

मग बाईंनी आत हाक मारली, “अवो, इथी या! घरात काम निघालं की तुम्ही कसे दिसता, ते पाहा!”